खेड्यातही असतं हे प्रेम

एकांनी लिहिलंय की सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी सुंदर आहे, पण दोन पुरुषांमधलं असं प्रेम पुण्या-मुंबईकडचंच, खेड्यात कुठं असतं! मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मला हे अजिबात पटत नाही.

कादंबरीत तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही घरातल्या एकाच तरुण भाडेकरूच्या प्रेमात पडतात. तनय निघून गेलेल्या त्या भाडेकरूशी ‘तू’ म्हणत बोलत राहतो, ते वाचताना मला आमच्याकडची जागल आठवली. रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून दोघं मित्र रात्रभर मचाणावर बसतात. एक टॉर्च, एक चादर. कुणी संशय घेत नाही. मग घरचे म्हणतात, “यंदा कापूस निघाला की उरकून टाकू,” आणि एकाचं लग्न लागतं, दुसरा कामासाठी गाव सोडतो. ओळखीत हे पाहिलंय. त्या नवरीचं काय, हे तर कुणी विचारतही नाही. कादंबरीत निदान अनुजाला तिची बाजू सांगता येते, म्हणूनच ती मला इतकी भिडली.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, तेव्हा आमच्या पारावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. तालुक्याच्या वाचनालयात मी ही कादंबरी मागवायला सांगितली आहे. तुमच्याकडेही सांगा.