अंटार्क्टिकाचा बर्फ वितळला तर आमच्या माडांचं काय?

देवगडकर: घर खाडीला लागून आहे, उधाणाला पाणी हल्ली पार माडांच्या मुळाशी येतं. भाचा म्हणतो उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळतोय म्हणून. खरं काय?

खाडीकाठचा: भाच्याचं अर्धंच बरोबर. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही हो, समुद्रावर तरंगणारा बर्फ आहे, तो वितळला तरी पातळी जवळजवळ वाढत नाही, सरबतातला बर्फ विरघळला म्हणून पेला ओसंडतो काय? भानगड आहे ती जमिनीवरच्या बर्फाची, म्हणजे ग्रीनलंड नि अंटार्क्टिका. अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर समुद्र साधारण ५८ मीटर चढेल, पण त्याला शेकडो-हजारो वर्षं लागतील, आत्ताच माड विकायला काढू नका 😄 शिवाय तापलेलं पाणी फुगतं, तेही धरा त्यात.

रापणवाला: तिथे माणसं रवतत काय?

गोवेकरीण: कायमची वस्ती नाही, संशोधक वगैरे जाऊन येऊन. आपली मैत्री आणि भारती अशी दोन स्टेशनं चालू आहेत, पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात आमच्या गोव्यातनंच बोटीने निघाली होती. तिथल्याच व्होस्तोक या रशियन स्टेशनवर १९८३ मध्ये उणे ८९.२ अंश नोंदलेत, आणि आम्ही इथे २० ला शाल शोधतो!

देवगडकर: भाच्याला दाखवतो. बांध मात्र यंदा बांधायलाच हवा.