टेक्सासचा वयपडताळणी कायदा: दंडाचा बडगा नेमका कोणावर?

चर्चाप्रस्ताव
ज्या संकेतस्थळावर एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांना घातक ठरेल असा लैंगिक स्वरूपाचा आहे, त्याने पाहणाऱ्याचे वय ओळखपत्रावरून किंवा व्यवहाराच्या नोंदींवरून तपासावे, असे टेक्सासचा २०२३ चा एच.बी. ११८१ कायदा सांगतो. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवला, हे योग्यच झाले. ‘मी १८ वर्षांचा आहे’ या बटणावर बोट टेकवून घेणे ही निव्वळ धूळफेक होती. राज्याच्या ॲटर्नी जनरलला, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याला, दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड मागता येऊ लागला, तेव्हा कुठे कंपन्या हलल्या.

प्रतिसाद १
हलल्या खऱ्या, पण कशा? पॉर्नहब या लैंगिक चित्रफितींच्या साइटने मार्च २०२४ मध्ये टेक्साससाठी दारच लावून घेतले. व्हीपीएन, म्हणजे आपले ठिकाण लपवणारी सेवा, वापरणाऱ्याला ते आजही उघडे आहे, आणि परदेशात बसून कायद्याला भीक न घालणाऱ्या साइटना दार लावण्याची गरजच वाटत नाही. एक तृतीयांशाच्या अटीमुळे तर अशा चित्रफिती ढिगाने असलेले, पण इतर मजकूर त्याहून अफाट असलेले समाजमाध्यम अलगद सुटते. ओळखीचा तपशील साठवल्यास दर वेळी १०,००० डॉलर दंड आहे हे मान्य. परंतु गुपचूप ठेवलेली प्रत फुटेपर्यंत ती ठेवली होती हे सरकारला कळणार कसे?

प्रस्तावकाचे उत्तर
पळवाटा आहेत म्हणून कायदाच नको, हे मला पटत नाही. शिवाय अंमलबजावणी सरकारकडे असण्याचा एक फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. युटा राज्याने ती खासगी दाव्यांवर, म्हणजे झळ पोहोचलेल्यांनी स्वतः साइटवर करायच्या दाव्यांवर सोपवली, तेव्हा कायद्याला दिलेले आव्हान ‘तो राबवणारा अधिकारीच नाही’ या कारणावर फेटाळले गेले. टेक्सासमध्ये निदान कोणाला न्यायालयात खेचायचे ते ठाऊक होते.

प्रतिसाद २
युटाचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र टेक्सासच्या निकालात अल्पमतात राहिलेल्या न्यायमूर्ती केगन यांनी भिन्नमतात कायदा रद्दच करा असे म्हटले नव्हते. प्रौढांवर याहून कमी भार टाकून हेच साधता येते का, हे कठोर निकषावर तपासा, एवढाच त्यांचा आग्रह होता. लुइझियाना राज्यात ‘एलए वॉलेट’ हे ॲप साइटला फक्त वय पुरेसे आहे की नाही एवढेच कळवते, नाव-पत्ता देत नाही. टेक्सासने दंडाचे आकडे ठरवण्याआधी अशी सोय का उभी केली नाही, याचे उत्तर प्रस्तावकांनी द्यावे.