जुनी रेसर सायकल घ्यायची आहे (सोलापूर), दोनपैकी कोणती?

जुळे_सोलापूर
नमस्कार. रोज शाळेत शिकवायला जायला आणि रविवारी हिप्परग्याच्या तलावापर्यंत फिरून यायला सायकल हवी आहे. नवी नको. बारीक नळ्यांच्या जुन्या सायकली मला लहानपणापासून आवडतात. दोन बघून आलेय. पहिली नव्या पेठेत एकांच्या घरी: काळी, रॉड ब्रेकची, पुढे रॅले या इंग्लंडच्या सायकल कंपनीचा बिल्ला. मालक म्हणतात, "विलायती आहे, 12,000 च्या खाली देणार नाही." दुसरी अशोक चौकाकडे भंगारात: निळी, वाकड्या हँडलची रेसर, पाच गिअर, टायर चिरलेले, सीट जागची हलत नाही. 2,500 म्हणतो. माझी उंची 5 फूट 6 इंच. मन काळीवर बसलंय. जाणकारांनी सांगावं.

चेन_आणि_तेल
बिल्ल्यावर पैसे देऊ नका. रॅले इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची खरी, पण तिच्याच भारतातल्या सेन-रॅले कंपनीचा कारखाना आपल्याकडे आसनसोललाही होता. आपल्या भागातली जुनी रॅले तिथली असण्याचीच शक्यता जास्त. सायकल चांगली असते, पण 12,000 ची नाही.

मिलचा_भोंगा
ताई, आधी स्वतःचं माप घ्या, मग सायकलीचं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्या आकड्याला 0.66 ने गुणा. पॅडलच्या मधल्या एक्सलपासून सीटची उभी नळी जिथे संपते तिथपर्यंतची लांबी साधारण तेवढी हवी. चाकं, चेन, सीट, हँडल सगळं बदलता येतं. फ्रेम मोठी निघाली तर तिला कुणीच लहान करू शकत नाही. आमच्या वडिलांची पिढी मिलच्या पाळीला 24 इंची फ्रेमवर गेली, कारण दुकानात तीच होती. उतरताना दरवेळी सायकल तिरकी करायची. तुम्ही तसं का करावं?

निळीला आणखी दोन गोष्टी बघा. पुढच्या नळीला दोन दांड्या जिथे जोडल्यात, त्याच्या मागे खालच्या अंगाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती समोरून आदळलेली आहे, सोडून द्या. मग सुतळी घ्या. मागचं चाक फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतं, त्यातल्या एका खाचेपासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ.

सीट हलत नाही ही मात्र खरी काळजी. पैसे देण्याआधी त्यालाच सोडवून दाखवायला सांगा. आधी बोल्ट पूर्ण ढिला, मग नळीच्या तोंडाशी पातळ तेल, रात्रभर तसंच. पान्याने नळी पिळू द्यायची नाही, चिरते.

जुळे_सोलापूर
काका, माप घेतलं. माझं 79 सेंटिमीटर. निळीची नळी 52, काळीची 56. काळीवर उभी राहिले तर दांडी टेकते, निळीवर दोन बोटं जागा उरते. सुतळीचं अंतर दोन्हीकडे सारखं, सुरकुती नाही. भंगारवाल्याने तेल सोडून ठेवलंय. टायरवर 27 × 1¼ लिहिलंय. 28 चे चालतील का?

होटगी_रोड
नाही चालणार! आकडा फसवतो. 27 × 1¼ च्या रिमचा टायर बसायचा व्यास 630 मिलिमीटर असतो, काळ्या सायकलीच्या 28 × 1½ चा 635. नव्या रेसरला येतो तो 700सी, त्याचा 622. तिन्ही वेगळे. 27 × 1¼ च मागा, दुकानात नसला तर मागवून देतात. पुढेमागे 700सीची चाकं घालायची झाली तर ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली आले पाहिजेत, तेवढी खाच ब्रेकला आहे का ते आत्ताच बघून ठेवा. आणि रिमला चुंबक लावा. चिकटला तर स्टील, पावसात ब्रेक उशिरा लागतो.

मिलचा_भोंगा
52 म्हणजे तुमच्यासाठी बेतलेली, ताई. 79 × 0.66 केलं की तेच येतं. सीट सुटली की घ्या.

बसवताना सीटचा माथा मधल्या एक्सलपासून साधारण 70 सेंटिमीटर (79 × 0.883). तिथून सुरुवात करा. टाच पॅडलवर ठेवून ते तळाला न्या, पाय सरळ झाला पाहिजे, कंबर झुकता कामा नये. हँडल पहिले काही आठवडे सीटच्या बरोबरीला ठेवा, कंपनीच्या चित्रासारखं खाली घालू नका. मात्र हँडलच्या दांडीवर कोरलेली कमाल उंचीची खूण बाहेर दिसली नाही पाहिजे. वर आणखी हवं असेल तर लांब दांडी घ्या, 22.2 मिलिमीटर जाडीची मागा, बहुतेक तीच बसेल.

क्रँकला (पॅडल ज्या दांड्याला लागतं तो) कॉटर पिन, म्हणजे तो एक्सलवर पक्का धरणारी खिळ्यासारखी पिन, असेल तर हातोडीने थेट ठोकू देऊ नका, आतले छर्रे आणि कप जातात. क्रँकखाली लोखंडी पाइपाचा टेकू देऊन मगच. नवी पिन प्रत्येक सायकलच्या दुकानात मिळते, काळ्या सायकली अजून त्याच पिनेवर चालतात. जुनी पिन सोबत न्या, जाडी जुळवून घ्या. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात.

गिअरचे लिव्हर खालच्या नळीवर असतील तर ते फेकू नका. त्यात प्रत्येक गिअरला ठरलेली टकटक नसते, लिव्हर हवा तेवढा सरकतो, त्यामुळे मागे कुठलंही पाच चकत्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) चालतं.

जुळे_सोलापूर
सीट सुटली! 2,200 ला दिली. आता पॅडल निघत नाहीये, डावं.

मिलचा_भोंगा
डाव्याचे आटे उलटे असतात ताई. घड्याळाच्या दिशेने फिरवा.