रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स बिघडत चाललाय, दुरुस्त करू का नवीन घेऊ?

पेठेतली_लेक:
नमस्कार मंडळी, शिवाजी पेठेत माहेर आहे माझं, तिथला प्रश्न आहे. अण्णांकडं डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क, २०१७ ला घेतलेला. महिनाभर झाला तो मधेच आपोआप बंद होऊन परत चालू होतोय, चालू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात, जुनं रेकॉर्डिंग लावलं की चित्राचे चौकोन होऊन अडकतं आणि आतनं टक् टक् आवाज येतो. राजारामपुरीत एका दुकानात दाखवला तर न उघडताच म्हणाला जुना झालाय, नवीन घ्या. कंपनीला फोन केला तर म्हणाले बदलून देतो पण जुना बॉक्स आमच्या माणसाकडं द्यावा लागेल. बॉक्स गेला तर गेला हो, पण त्यात दोन रेकॉर्डिंग आहेत. एक १ ऑगस्ट २०२४ चं, स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजीची फायनल, आपल्या राधानगरीच्या कांबळवाडीचा पोरगा, उभं राहून मारायच्या शॉट्समधे वर आला आणि ब्राँझ घेतलं, अण्णा ते अजून महिन्यातनं एकदा लावतात. आणि दुसरं २०१८ चं, आई तिच्या बचत गटाच्या बायकांबरोबर टीव्हीवर आली होती तो कार्यक्रम. आई आता नाही. तिचा बोलतानाचा आमच्याकडं तेवढा एकच व्हिडिओ आहे. काय करू सांगा.

उद्यमनगर_सोल्डर:
ताई, आधी बॉक्स कुणाच्याही हातात देऊ नका. आपोआप बंद-चालू होणं हे लई वेळा पॉवरचं दुखणं असतंय. बाहेर १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे का बघा, जुना झाला की लोड आल्यावर त्याचं व्होल्टेज पडतं, आणि हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी करंट जास्त लागतो, मग बॉक्स तिथंच रीस्टार्ट मारतो. तेवढेच व्होल्ट, ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त, पिनचा साइज आणि प्लस-मायनस तोच, असा दुसरा अडॅप्टर लावून बघा, काही शे रुपयांचं काम आहे. अडॅप्टर नसंल आणि वायर थेट बॉक्समधे जात असंल तर सप्लाय आत आहे, तो घरी उघडू नका, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज असतो आणि वायर काढल्यावर पण काही वेळ राहतो. चांगल्या कारागिराकडं न्या, डोकं फुगलेले कॅपॅसिटर दिसले तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ डिग्रीवाले टाकायला सांगा. अशा दुरुस्तीनंतर बॉक्स वर्षानुवर्षं चालल्याचं मी बघितलंय, म्हणून न उघडता फेका म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

रंकाळा_वेस्ट:
सोल्डर भाऊंचं पॉवरचं पटलं, पण टक् टक् आवाज म्हणजे डिस्कचं हेड, म्हणजे तिच्यावरचं वाचणारा भाग, अडखळतंय, तिथं कॅपॅसिटर बदलून काही होत नाही. खात्री करायची तर पूर्वी नीट चाललेलं रेकॉर्डिंग आता अडकतंय का बघा, तसं असेल तर डिस्कच. पावसात रेकॉर्ड केलेलं सोडा, जुलैतल्या आपल्याकडच्या पावसात सिग्नलच तुटतो, ते चौकोन रेकॉर्डिंगमधेच येतात.
आणि ताई, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावू म्हणाल तर उपयोग नाही. रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे कुलूपबंद असतं, ते त्याच बॉक्सवर चालतं. वर विंडोज विचारतं डिस्क फॉरमॅट करू का, आणि घाईत कुणी हो म्हणालं की संपलं. नवीन डिस्क टाकली तर बॉक्स ती फॉरमॅट करून घेणार, म्हणजे डिस्क बदलून बॉक्स वाचंल, आई वाचणार नाही. रस्ता एकच, बॉक्स चालतोय तोवर त्याच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही आउटमधनं यूएसबी कॅप्चर डोंगल (टीव्हीचं चित्र-आवाज लॅपटॉपमधे घेणारं छोटं यंत्र) लावून लॅपटॉपवर घ्या. एचडीएमआयमधनं प्रयत्न केला तर कॉपी प्रोटेक्शनमुळं बहुतेक काळी स्क्रीन येईल. एव्हीला चित्र जरा मऊ येतं आणि अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला अर्धा तास लागतो, तरी घ्या. आधी आईंचं घ्या. स्वप्नीलची फायनल नेटवर कुठंतरी सापडेल, आईंचं सापडणार नाही. आणि तोवर रोजचं रेकॉर्डिंग, लाइव्ह पॉज करणं सगळं बंद, त्यानं डिस्कवर लिहिलं जातं.

कळंबा_अमोल:
कॉपी झाल्यावर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका असं माझं मत. एवढी वर्षं चोवीस तास गरम राहिलेला बॉक्स आहे, आज डिस्क, उद्या ट्यूनर. आता साध्या बॉक्सलाच पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावून रेकॉर्डिंग करता येतं, बऱ्याच मॉडेलमधे आहे, घेताना विचारा. डिस्क बाहेर असली की बिघडली तर तेवढीच बदलायची. फक्त तेही रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, हे अण्णांना आधीच सांगून ठेवा.

पेठेतली_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगायला उशीर झाला. आधी अडॅप्टर बदलला, बंद-चालू होणं थांबलं, सोल्डर दादा तुमचं बरोबर निघालं, पण टक् टक् तसंच आहे. मग रविवारी डोंगल लावून आईचा कार्यक्रम घेतला, २२ मिनिटांचा आहे, चौदाव्या मिनिटाला अडकला आणि पुढं जाईना. बॉक्स बंद करून तासभर फॅनखाली ठेवला, मग थोडं पुढनं लावून उरलेलं घेतलं. मधली सात-आठ सेकंदं गेली. त्यात आई पापडाच्या पिठाचं प्रमाण सांगत होती, ते अण्णांनी लगेच तोंडपाठ म्हणून दाखवलं, मी वहीत लिहून घेतलं. फायनल पण सगळी आली. नवीन बॉक्स अमोल दादांनी सांगितला तसला घेतोय, जुना आमच्या पैशानं घेतलेला असल्याचं बिल सापडलंय तर तो घरीच ठेवणार. आता एकच, आईची फाइल पेन ड्राइव्हवरनं टीव्हीला लावली तर चित्र दिसतं, आवाज येत नाही, लॅपटॉपवर येतो. अण्णांना आवाजच पाहिजे.

रंकाळा_वेस्ट:
आवाज फाइलमधे आहे ताई, काळजी नको, टीव्हीला तो ऑडिओ फॉरमॅट कळत नाही एवढंच. हँडब्रेक म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका, एमपी४ निवडा, ऑडिओ एएसी ठेवा. मूळ फाइल उडवू नका, ती अजून एका पेन ड्राइव्हवर आणि भावाबहिणीच्या कुणाच्या तरी घरी ठेवा.

पेठेतली_लेक:
आला आवाज. अण्णांनी तीनदा लावलं.