कादंबरीतली श्रीमंती पत्त्यावरून कळावी की माणसावरून?

ओसरी:
पुण्यात घडणाऱ्या कादंबरीत पात्राची ऐपत दाखवायला जागा पुरते, फक्त ती सालासकट पक्की हवी. 'प्रभात रोडवरचा बंगला' एवढ्याने भागत नाही. तो कुणी बांधला, आता तळमजला कुणाकडे आहे, मागच्या नोकरांच्या खोलीचं काय झालं, हे तीन ओळींत आलं की दोन पिढ्यांची चढउतार कळते. उलट पात्रं एकमेकांना पगार सांगायला लागली की संवाद कर्जाच्या अर्जासारखा वाचावा लागतो.

कोथरूडकर:
साफ असहमत. पुण्यात पत्ता फसवतो. पेठेतला वाडामालक घ्या. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या बिऱ्हाडांची भाडी जवळपास गोठली. १९८५च्या कथानकात सगळ्या बिऱ्हाडांचं भाडं मिळूनही कौलं चाळायचा खर्च निघत नाही. जागा लाखांची, मालकाचा सदरा उसवलेला, आणि दोन खोल्यांतला बँकवाला भाडेकरू त्याच्याहून सुखवस्तू! तरी जिन्यात गाठ पडली की अंग चोरून बाजूला कोण होतं? भाडेकरू 'अप्पा, तेवढं नळाचं बघता का' म्हणतो, की 'नळ दुरुस्त करून द्या' म्हणतो? वर्ग तिथे आहे.

ओसरी:
पण तसा वाडा नसता तर हा जिनाच नसता! १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठची कितीतरी बिऱ्हाडं गोखलेनगर, सहकारनगरकडे गेली. १९६३च्या प्रकरणात नव्या घराच्या मोरीत न मावणारं, पुरातून वाचलेलं वाड्यातलं तांब्याचं घंगाळ दाखवा. पात्राने तोंड उघडायची गरज नाही.

शाईचा डाग:
घंगाळ छान, पण ते बघतंय कोण? दोघंही नेमकं तेच विसरताय. नव्वद टक्के हस्तलिखितं इथेच आपटतात (टक्केवारी माझ्या वैतागाची). श्रीमंताला स्वतःचं झुंबर दिसत नाही. कामाच्या मावशींना मात्र दिवाणखाना दिसतो तो किती फरशी पुसायची या हिशेबात, आणि खिडकीच्या गजाशी पालथा ठेवलेला, कान तुटलेला त्यांचा वेगळा कप दिसतो. प्रकरण मालकिणीच्या नजरेतून असेल तर कपाचं वर्णन नकोच. ती बोलता बोलता त्यातच चहा ओतेल, बस. घरातलं शाळकरी पोर साठीच्या ड्रायव्हरला 'अरे' म्हणतं, तेही कुणी टोकू नये.

आणि सालं तपासा हो. बजाजची चेतक स्कूटर बाजारात आली १९७२ला, १९६५च्या नायकाच्या बुडाखाली ती नको. १९७८ला दारात नवी चेतक म्हणजे वर्षानुवर्षं लावलेला नंबर, नाहीतर ती रांग टळावी म्हणून परदेशातून चलन धाडणारा कुणी नातेवाईक. १९९५ला तीच स्कूटर काही सांगत नाही.

कोथरूडकर:
नजरेचं मान्य. पण म्हणून वस्तूंचं प्रदर्शन नको. इटालियन मार्बल, जर्मन गाडी, स्विस घड्याळ एकाच परिच्छेदात आलं की बिल्डरचं माहितीपत्रक झालं. एका प्रसंगाला एक वस्तू पुरे, आणि ती कुणीतरी वापरली पाहिजे. हॉटेलात मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी कोण वाचतो, एवढंही चालेल.

ओसरी:
पुण्यात? इथे तीन फ्लॅट बाळगणाराही उजवी बाजूच आधी वाचतो! काटकसर दिसली की गरिबी, असं लिहिलंत तर पेठेतला वाचक पुस्तक मिटेल. वाचून झाल्यावर काय होतं ते लिहा. एकजण 'लूट आहे' म्हणून मोठ्याने दुसरं काही मागवतो. दुसरा म्हणतो, मला फारशी भूक नाही.