क्विन्सी स्टेशन: जुनं की जुन्यासारखं?

सांधेवाला:
शिकागोत वेल्स स्ट्रीटच्या डोक्यावर, लोखंडी खांबांवर उभं असलेलं क्विन्सी स्टेशन ३ ऑक्टोबर १८९७ ला सुरू झालं. मध्यवस्तीला चारही बाजूंनी वेढणाऱ्या उन्नत रेल्वेमार्गाला तिथे 'लूप' म्हणतात, त्यावरचं हे एक. १९८० च्या दशकात ते पुन्हा १८९७ सारखं करण्यात आलं. ठशाच्या पत्र्यावरचे खांब आणि तोरणं, लाकडी दारं, जुन्या घाटाचे दिवे. वॉबॅश अव्हेन्यूवरच्या मॅडिसन आणि रॅन्डॉल्फ या स्टेशनांच्या नशिबी मात्र हे आलं नाही. दोन्ही बंद करून २०१७ मध्ये मधोमध वॉशिंग्टन हे नवं स्टेशन उभं केलं. माझं म्हणणं सरळ आहे: लूपवरची सगळी जुनी स्टेशनं क्विन्सीसारखी जपायला हवी होती.

खडूसकाका:
जपलं कशाला म्हणता? नव्याने घडवलेला जुना दिवा हा जुना दिवा नसतो. क्विन्सी हा नीट सजवलेला देखावा आहे. आणि हे कोरीवकाम दगडातलं नाही हो, पत्र्यातलं आहे! स्वस्तात आणि झटपट उरकायचं म्हणून केलेलं. आपण त्याला वारसा म्हणून ओवाळतोय.

सांधेवाला:
पत्रा झाला म्हणून काय झालं? त्या काळच्या नोकरदाराला रोज जाता-येता दिसणारी कलाकुसर हीच होती.

उंबरठा:
त्या नोकरदाराला खालचा अंधार आणि डोक्यावरचा खडखडाटही दिसत-ऐकू येत होताच की. लूप कसा बांधला गेला तेही सांगा ना. रस्त्यावरून रूळ न्यायचे तर त्या रस्त्यालगतच्या निम्म्याहून जास्त मालमत्तेची संमती लागायची. चार्ल्स यर्केस हा लूप उभारणारा कर्ता माणूस, अत्यंत बेरकी. त्याने एकच कंपनी न काढता वेगवेगळ्या बाजूंसाठी वेगवेगळ्या काढल्या. व्हॅन ब्युरेन स्ट्रीटचे मालक अडून बसले, तर पठ्ठ्याने अर्जातला मार्गच लांबवला, थेट पश्चिमेला हॉल्स्टेडपर्यंत. तिकडचे मालक राजी होते, म्हणून एकूण बेरजेत बहुमत जमलं. ज्यांच्या दारावरून गाडी जाणार होती त्यांचा नकार कागदावर बुडाला! स्टेशनात लटकवायचीच असेल तर ही गोष्ट लटकवा, तोरणं नंतर.

खडूसकाका:
+१. यर्केसचा किस्सा भारी.

सांधेवाला:
उंबरठा, किस्सा मान्य. पण लबाडीने बांधलेलं म्हणून पाडायचं ठरवलं तर जगातली निम्मी शहरं पाडावी लागतील. आणि पाडायला निघालेच होते. अख्खा लूप काढून भुयारी मार्ग करायचा बेत होता. १९७९ मध्ये तो गुंडाळला, म्हणून आज आपण हा वाद घालतोय.

चिंगी_मोठी:
तुम्हा सगळ्यांचे गुडघे शाबूत दिसतात. आईला घेऊन अशाच एका उन्नत स्टेशनवर गेले होते. लिफ्ट नाही. निम्म्या जिन्यात ती बसली, मागून माणसांचा लोंढा, गाडी वर येऊन निघूनही गेली. वर कोणती तोरणं होती ते आम्हाला दिसलंच नाही. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९० चा आणि क्विन्सीला लिफ्ट मिळाली २०१८ मध्ये. तोवर व्हीलचेअरवरच्या माणसासाठी हा सुंदर वारसा म्हणजे रस्त्यावरून वर बघायची वस्तू.

सांधेवाला:
ताई, ही गोष्ट मी मांडायला हवी होती. पण लिफ्ट शेवटी बसलीच ना, जुनं रूप ठेवून? मग रॅन्डॉल्फलाही बसली असती.

चिंगी_मोठी:
आणि फलाटाची रुंदी कुठून आणणार? दोन स्टेशनांच्या जागी एक केलं म्हणून तिथे ऐसपैस फलाट आणि लिफ्ट दोन्ही झालं.

गार्डसाहेब:
दोन्ही पक्ष फक्त इमारतीवर भांडताहेत. लूपचा खरा इतिहास रुळांवर आहे. १९१३ पासून दोन्ही रुळांवरच्या गाड्या एकाच दिशेने फिरायच्या, घड्याळाच्या उलट्या. १९६९ मध्ये सिग्नल बसवून दुतर्फा वाहतूक सुरू केली. आणि ४ फेब्रुवारी १९७७ ला, लेक स्ट्रीट आणि वॉबॅशच्या वळणावर, एका गाडीने पुढे थांबलेल्या गाडीला मागून धडक दिली. डबे खाली रस्त्यावर पडले, ११ माणसं गेली. १८९७ चा दिवा लावणारे १९७७ चा उल्लेख किती ठळकपणे करतात, ते सांगा.

खडूसकाका:
बघा, 'तेव्हाचं रूप' म्हणजे नेमकं कधीचं? १८९७ च का? १९१३ का नाही?

सांधेवाला:
कारण पहिला दिवस एकदाच येतो, काका. असो. चिंगीताईंच्या मुद्द्यावर मी माघार घेतो: जिथे फलाटच अरुंद आहे तिथे लिफ्ट आधी, पत्रा नंतर. पण रॅन्डॉल्फबद्दल माझं मत तेच आहे. निदान एक तिकीटघर तरी उचलून कुठेतरी ठेवायचं होतं.

उंबरठा:
ठेवा. यर्केसच्या अर्जासकट.