मदत हवी आहे: सिगरेट सोडून ६ दिवस झाले तरी पल्स १००च्या वर!

खाजणातला_खेकडा (वेंगुर्ला): पटकन सांगा कोणीतरी. सिगरेट सोडली, आज सहावा दिवस. सगळीकडे लिहिलंय सोडल्यावर २० मिनिटांत पल्स उतरायला लागते, माझी घड्याळात १०४, १०८, काल रात्री पडवीत नुसता बसलो होतो तरी १०२. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले निकोटीनने मेंदूचा हृदयावरचा कंट्रोल बिघडतो, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. अहो पण निकोटीन बंद केलंय ना मी?

फणसाची_आठळी: वय? थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलं? चहा किती? छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर इथे टाइप करत बसू नका, दवाखाना गाठा.

दर्यावर्दी: घड्याळ काढून ठेव आधी. मासळी उतरवताना ओल्या मनगटावर माझं १४० दाखवायचं. दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट मोज.

खाजणातला_खेकडा: वय ४१, दुखत नाही. मोजली, ५१ दुणे १०२. घड्याळ बरोबर आहे काका.

शांत_श्वास: अनुलोम-विलोम करा, सगळे रोग जातात.

फणसाची_आठळी: सगळे नाही जात. खेकडेदादा, सोडल्यावर दुसरं काय घेताय?

खाजणातला_खेकडा: निकोटीन गम, ४ मिलिग्रॅमचं, दिवसाला १४-१५. पण ते औषधच आहे की.

फणसाची_आठळी: हे आता सांगताय? निकोटीन बंद म्हणे!

बाबल्या: मेल्या, आणि सकाळी आवशीच्या डब्यातली मशेरी लावतंस ती खंय गेली?

खाजणातला_खेकडा: ती दात घासायला रे. ती काय धरायची?

जुने_मास्तर: मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच. आता मेंदूचं. मेंदूच्या देठात लंबमज्जा, तिथून व्हेगस नावाची नस हृदयाकडे येते, तो ब्रेक. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली, त्या हृदयातलं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी पाझरलं होतं; ते द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलीन, त्यावर १९३६ ला नोबेल. निकोटीन त्याचीच नक्कल करतं.

दर्यावर्दी: मास्तर, नक्कल करतं तर ब्रेक लागायला हवा. वाढते कशी?

जुने_मास्तर: बरोब्बर अडवलंत. ते द्रव्य ज्यांत किल्लीसारखं बसतं ती पेशींवरची कुलपं दोन जातींची असतात. हृदयावरच्या ब्रेकच्या कुलपात निकोटीनची किल्ली बसत नाही. मेंदूत, वाटेतल्या नसांच्या गाठींत आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत बसते, मग अ‍ॅड्रेनलिन सुटतं, वेग देणाऱ्या नसा चेकाळतात. नेहमी ओढणाऱ्यांचा ब्रेकही सैल सापडतो. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात ना, तो चढउतार त्यांच्यात कमी दिसतो.

शांत_श्वास: बघा! म्हणजे श्वासच.

जुने_मास्तर: लांब उच्छ्वासाने ब्रेक थोडा लागतो हो, पण तोंडात गम ठेवून म्हणजे आंबोली घाट उतरताना अ‍ॅक्सिलेटरवरही पाय. रक्तातलं निम्मं निकोटीन जायला साधारण दोन तास लागतात, हा दर तासाला नवं टाकतोय, टाकी रिकामी होणार कधी?

रातांबा: उन्हाळ्याने पण वाढते पल्स. कोकम सरबत घ्या. आमच्याकडे घरचं आगळ आहे, मेसेज करा.

फणसाची_आठळी: जाहिरात नको. आणि गमबरोबर सरबत अजिबात नको, आंबटाने निकोटीन नीट शोषलं जात नाही, तलफ राहते आणि माणूस अजून एक गम फोडतो.

खाजणातला_खेकडा: मी सरबत पीत पीतच चघळतो! साध्या च्युइंगमसारखं, सतत. उचक्या लागतात त्यामुळे का?

फणसाची_आठळी: त्यामुळेच, रस पोटात जातोय. दोनचार वेळा चावा, झिणझिणलं की गालात दाबून ठेवा, चव गेली की परत. मशेरी बंद. गम मात्र एकदम तोडू नका, नाहीतर परत सिगरेट. किती ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, मशेरीचं सांगून.

खाजणातला_खेकडा: (चार दिवसांनी) डॉक्टरांना सगळं सांगितलं. गम ८ वर आलं, मशेरी बंद, पल्स ८६. डबा परत द्यायला गेलो तेव्हा सहज आईची मोजली, ९८. मी म्हटलं सोड, तर म्हणते चाळीस वर्षं लावतेय, दात बघ माझे. तिला काय सांगू?

बाबल्या: तिका? नवीन धागो काढ.